अळूचं पाणी

सरकारी वसाहतींच्या देखभालीचा इंजिनियर म्हणून माझी सगळी नोकरी उत्तरेत गेली. कुठल्या खात्यात ते सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात खात्याचा काडीचा दोष नाही, सगळा माझा आहे. पावसाळा सुरू झाला की क्वार्टरांमधून ओलीच्या तक्रारी यायच्या. त्यातल्या बऱ्याच तक्रारींवर माझा एक ठरलेला शेरा असे: ‘गळती नाही. कंडेन्सेशन. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.’ घरात लोक भात शिजवतात, ओले कपडे वाळत घालतात, ती वाफ गार भिंतीवर जमते आणि भिंतीला घाम येतो. हे कधीकधी खरंही असतं. असा शेरा मिळालेल्या एका कारकुनाच्या बायकोने मला पुढच्या वर्षी सांगितलं होतं, “अब तो चावल भी बाहर बरामदे में बनाते हैं, साहब, फिर भी दीवार गीली है।” तिने माझं इतकं मनावर घेतलं याचंच मला तेव्हा कौतुक वाटलं. भिंत बघायला मी आत गेलो नाही.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी आम्ही लखनौतच, सरोजिनी नगरमध्ये, एका प्राध्यापकांचं घर विकत घेतलं. साताऱ्याकडे परत जायचं असं आम्ही वीस वर्षं म्हणत होतो. पण मुलगी इथेच वाढली, मराठी कळतं पण उत्तर हिंदीत देते, आणि तीही लग्न होऊन कानपूरला गेली. मग जाणार कुठे? घर मला आवडलं ते पश्चिमेच्या भिंतीमुळे. बाहेरून प्लास्टर नाही, नुसती वीट. खरं तर त्या एकामागे एक अशा दोन भिंती होत्या, मधे दोन बोटांची पोकळी. मे-जूनची लू, तो भाजून काढणारा वारा, आत येऊ नये म्हणून प्राध्यापकांनी तशा बांधून घेतल्या होत्या. बाहेरच्या भिंतीच्या अगदी तळाच्या थरात मात्र दर तीन-चार विटांनंतर दोन विटांमधला उभा सांधा रिकामा होता, बोट जाईल एवढा. मिस्त्रीने आळस केला असणार, असं मी पहिल्या दिवशीच बायकोला सांगितलं होतं.

त्याच वर्षी वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. कॉलेजसाठी मी अठराव्या वर्षी घर सोडलं होतं. त्यानंतर आईबरोबर सलग महिनाभरसुद्धा राहिलो नव्हतो. साठीला टेकलेल्या माणसाने हे लिहावं की नाही कोण जाणे, पण सकाळी चहाच्या आधी कुणीतरी “उठलास का रे?” म्हणून हाक मारतं, हे मला फार बरं वाटायला लागलं होतं. आईचे गुडघे गेलेले, जिना चढणं शक्य नाही. खाली झोपायची खोली एकच, ती पश्चिमेची. ती तिला दिली.

पहिल्या पावसाळ्यात आईच्या लक्षात आलं की त्या भिंतीच्या पायथ्याशी माती कायम ओली असते. वर गच्चीचा सज्जा असल्यामुळे तिथे पाऊस पडत नाही, तरी ओली. तिने सब्जीवाल्या भैयाकडून अरवीचे, म्हणजे आपल्या अळूचे, चार कंद घेतले आणि खिडकीखाली पुरले. “ओल आयती आहे, वाया कशाला घालवायची?” श्रावणापर्यंत पानं सुपाएवढी झाली. आठवड्याला वड्या व्हायच्या. शेजारच्या भाभी पानं मागायला येत, आणि आई त्यांना मोडक्या हिंदीत शिरा कशा काढायच्या ते दाखवी. लखनौत आईचं असं काही असेल तर ते अळू.

मग मी निवृत्त झालो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. मी निदान खऱ्याखुऱ्या भिंतीला लागलो. विटांमधले जुने सांधे जरा झिजले होते. मार्चमध्ये मी बख्शी का तालाबकडचे एक म्हातारे मिस्त्री बोलावले. रोज चारबागला टेम्पो बदलून येत, वेळेवर येत आणि कमी बोलत. सगळे सांधे खरवडून पुन्हा भरायचं ठरलं. त्यांनी सिमेंटमध्ये थोडा चुना घालायचं सुचवलं. मी म्हटलं, नुसतं सिमेंट, आणि तेही जास्त. शेवटच्या दिवशी ते तळाच्या रिकाम्या सांध्यांपाशी थांबले.

“साहब, ये किसी ने जान के छोड़ी हैं।”

“जान के छोड़ी हों या भूल से, भर दीजिए,” मी म्हणालो.

त्यांनी भरले. भिंत इतकी सुबक दिसायला लागली की मी तिचा फोटो काढून भावाला कराडला पाठवला.

पावसाळा आला. दहाव्या-बाराव्या दिवशी आईच्या खोलीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, भिंतीचा रंग काळपट झाला. बायको म्हणाली, “अहो, ही ओल आहे. तुम्ही ती भोकं बुजवल्यापासूनची.”

मी हात लावून पाहिला आणि म्हणालो, “कंडेन्सेशन.”

नवे सांधे मी स्वतः उभं राहून भरून घेतले होते, तिथून पाणी येईलच कसं? मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: खिडकी उघडी ठेवणे, ओले कपडे आत न वाळवणे, खोलीत वाफ न करणे. तो कागद आईच्या पलंगाशेजारच्या कपाटावर चिकटवला. आईने चष्मा लावून तो वाचला आणि मान हलवली. रात्री ती खिडकी उघडी ठेवून अंगावर स्वेटर घालून झोपायला लागली. मीच लिहिलं होतं, म्हणून मला त्यात काही खटकलं नाही.

डाग खांद्यापर्यंत चढला. भिंतीला बुरशीचा वास यायला लागला आणि आईला खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर, मग बोलताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी औषधं दिली, दिवसातून दोनदा वाफ घ्यायला सांगितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “या वयात छातीत एकदा बसलं की निघत नाही. खोली कोरडी करा, नाहीतर यांना दुसरीकडे हलवा.” येताना मी वाफ घ्यायचं यंत्र आणलं, आईच्या हातात दिलं आणि लगेच भिंतीकडे गेलो.

बैठकीत झोपायला आई तयार नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर अंथरुणात पडून राहायचं तिला जमणार नव्हतं. भावाचा फोन आला: महिनाअखेर तिला इकडे पाठव, इथलं घर कोरडं आहे. त्याचं काही चूक नव्हतं. मी पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं. आई म्हणाली, “जाते की. तुला उगीच त्रास.” पुन्हा इतका प्रवास करून ती परत येणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला रडू आलं नाही, राग आला. राग विटांवर काढला.

हातात तीन आठवडे होते. बाजारात विटांना बाहेरून लावायचा एक पारदर्शक द्रव मिळतो, पाणी झटकून टाकणारा. त्याचे दोन हात मारले. ओल वाढली. आतून ओलप्रतिबंधक रंग लावला. चार दिवसांत त्याला पुरीसारखे फुगे आले. बायकोने एकदा नुसतं म्हटलं, “बाईगं, केवढा घाम येतो या भिंतीला.” मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

मग एका सकाळी मी भिंत कोरडी व्हायची वाट बघत बाहेर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो, तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, “तू आत बघतोयस, वर बघतोयस. माझ्या अळूचं पाणी कुठं गेलं ते बघ की आधी.”

मी खाली पाहिलं. एवढ्या पावसात अळू पिवळं पडून माना टाकून होतं. पायथ्याची माती भुगाभुगा झाली होती.

“गेल्या वर्षी मी त्याला तांब्याभर पाणी घातलं नाही,” ती म्हणाली. “भिंतच घालायची.”

डोंगर अडवायला दगडी भिंत बांधतात, तिला खाली भोकं ठेवतात, मागचं पाणी निघून जावं म्हणून. ती भोकं बुजलेली दिसली म्हणून मी नोकरीत ठेकेदारांची बिलं अडवली आहेत. आणि माझ्याच घरात, प्राध्यापकांनी पैसे मोजून ठेवून घेतलेली तीच भोकं मी मिस्त्रीचा आळस म्हणून लिंपली होती. जास्तीचं सिमेंट वाळताना आकसलं होतं आणि विटेच्या कडेने केसाएवढी फट पडली होती. भिंग घेऊन पाहिल्यावर दिसली. तिरप्या सरींचं पाणी तिथून आत जात होतं, पूर्वीही थोडं जातच असे. पूर्वी ते पोकळीतून खाली उतरून अळूला मिळायचं. आता ते आत साचून आईच्या खोलीत जात होतं, आणि वरून द्रव चोपडून मी त्याची सुकायची वाटही बंद केली होती.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. छिन्नी लावून त्यांनी तळाचा पहिला सांधा फोडला. आधी चुरा पडला, मग चहाच्या रंगाचं पाणी बोटाएवढ्या धारेने बाहेर आलं आणि बराच वेळ येत राहिलं. असे नऊ सांधे उघडले. फटी पडलेले सांधे खरवडून, चुना घालून, पुन्हा भरले.

मी विचारलं, “आपने उस दिन ज़ोर देकर क्यों नहीं कहा?”

ते हात धूत होते. “साहब, इंजीनियर तो आप हैं।”

त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले. भोकांतून पाणी बाहेर आलं, आतला डाग चढायचा थांबला आणि कडेपासून फिका व्हायला लागला. पंखे लावून ठेवले. तिकिटाच्या तारखेच्या तीन दिवस आधी मी डॉक्टरांना घरी आणून भिंतीला हात लावायला लावला. त्यांनी आईला तपासलं, खोली आता चालेल म्हणाले, आणि मी तिकीट रद्द केलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. कंद काढून न्यावे लागले असते.”

खोकला मात्र हटत नव्हता. रात्री तिच्या पलंगाशी बसून मी विचारलं, “वाफ घेतेस ना दोन्ही वेळा?”

“नाही रे,” आई म्हणाली. तिने कपाटाकडे बोट केलं. यंत्र खोक्यात होतं, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. वर माझा कागद होता. “खोलीत वाफ करायची नाही, असं तू लिहिलंयस ना. म्हटलं, तेवढ्यानं भिंत वाळली तर मला जावं लागणार नाही.”

मला बरामद्यात भात शिजवणारी ती कारकुनाची बायको आठवली.

“आता घेतली तर चालेल का?” तिने विचारलं.

मी कागद काढला आणि पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो.