उतरवल्याशिवाय उपटायची नाही

मुर्धा गावातल्या आमच्या दादूसला यंदाच्या होळीच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, त्याच्याच ओटीवर लोखंडी सळईने मारलं. मारणारी माणसं खाडीकाठच्या तिवरांवर पाडकामाचं डेब्रिस ओतणाऱ्या बिल्डरची होती. पोलिसांच्या कागदावर मात्र 'नशेत झालेलं आपसातलं भांडण' आहे. दादूस दारूला शिवत नव्हता.

माझी त्याची ओळख झाली ती मनगटावर बसलेल्या फटक्याने. मी तिवरं वाचवणाऱ्या समितीत नवी होते. त्याच्या लॅपटॉपवरून डंपरचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले आणि सवयीने तो ओढायला गेले. "उतरवल्याशिवाय उपटायची न्हाय," तो गुरकावला. "पडद्यावर झालं दिसतं, तरी आत लिवनं चालूच आसतं. भर खाडीत होडीची फळी उपटशील काय गं?" मग अनमाउंटची, म्हणजे उतरवायची, कमांड दिली, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबला, पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि चहा घेणार का विचारलं. मनगट दोन दिवस सुजलेलं होतं.

लॅपटॉप जुनाट, त्यावर लिनक्स. बापजाद्यांनी ज्या मिठागरात पाय फोडून घेतले ते एका सहीत विकलं गेलं, तेव्हापासून 'मालक' म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "फुकट हाय म्हणून न्हाय घेतली ही सिस्टीम. हिला मालक न्हाय, म्हणून घेतली."

समितीचं सगळं चित्रण त्याच्याकडे, चार हार्ड डिस्कवर. लिनक्स डिस्कना लागतील त्या क्रमाने एसडीबी, एसडीसी म्हणतं. क्रम बदलला की नावं बदलतात. समितीतला मीरा रोडचा आमचा राकेश हे विसरला आणि रिकामी समजून भरलेली डिस्क फॉरमॅट करून बसला. अख्ख्या पावसाळ्याचं काम गेलं.

"दादूस, कल तो यही एसडीसी थी."

"काल तू पन मानूस व्हतास," दादूस म्हणाला आणि हातातली कोयती फेकली. ती राकेशच्या कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीत रुतली. खाच अजून आहे. त्याच संध्याकाळी राकेशला शेजारी बसवून त्याने प्रत्येक डिस्कला कायमचं नाव दिलं: निवटी, बोईट, काळुंदर, चिंबोरी. सगळी खाडीची मासळी. लावा कुठल्याही क्रमाने, चिंबोरी ती चिंबोरीच. राकेश त्या दिवशी जेवून गेला. दादूसचं प्रेम असंच होतं, आधी अंगावर यायचं.

होळीच्या सकाळी त्याची चुलत वहिनी काशी डंपरच्या आडवी उभी राहिली. बिल्डरच्या माणसाने तिला केस धरून चिखलातून फरफटवलं, पोटात लाथा घातल्या. राकेशने ते फोनवर टिपलं. चौकीत पोलिसांनी ऐकवलं, "पुरावा आणा." म्हणून दुपारी दादूस तो व्हिडिओ चिंबोरीवर चढवत होता. राकेश आणि मी शेजारी होतो.

बिल्डरची माणसं ओटीवर शिरली तीच राकेशचा फोन हिसकून दगडावर आपटत. मला एकाने गळा दाबून भिंतीला धरलं. सळईवाला डिस्ककडे बोट दाखवून म्हणाला, "कॉपी हो गया ना चाचा? निकाल."

"थांब. उतरली न्हाय अजून."

अनमाउंटची कमांड त्याने दिली होती. लॅपटॉप अजून आतलं लिहून संपवत होता, चिंबोरीचा दिवा लुकलुकत होता. दादूसने डिस्कवर पंजा ठेवला. सळई पंजावर बसली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने हात काढला नाही. दुसरा घाव कोपरावर, तिसरा खांद्यावर. त्याची नजर दिव्यावर. दिवा थांबला तेव्हा त्याने डाव्या हाताने वायर काढली आणि चिंबोरी राकेशच्या छातीवर फेकली. "पळ, भाड्या." राकेश मागच्या दाराने राई गावाच्या दिशेने पळाला. त्याच्यामागे कुणी जाऊ नये म्हणून दादूस दारात आडवा झाला. मग सळई डोक्यावर बसली. निवटी, बोईट, काळुंदर, लॅपटॉप, सगळ्याचा त्यांनी ओटीवर चुरा केला. दादूस इस्पितळात शुद्धीवर न येताच गेला.

चिंबोरी शाबूत आहे. काशीवहिनीची फरफट त्यात शेवटच्या फ्रेमपर्यंत दिसते. वकिलाने ती उघडली तेव्हा राकेश मान खाली घालून रडत होता, आणि काम झाल्यावर ती उतरवायला त्यानेच हात पुढे केला.

पण दादूसला मारलं ते आमच्या एकाही डिस्कवर नाही. ते तुमच्याकडे आहे. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांत तुम्ही फोन वर धरून उभे होतात. भिंतीशी दाबलेली असताना मी तुम्हाला पाहिलं. आम्ही नेमकी कुठली बाल्कनी ते विचारणार नाही. व्हिडिओ डिलीट करू नका. रविवारी सकाळी गोडदेवच्या नाक्यावर आमचं टेबल असेल, तिथे तो पेनड्राइव्हवर घालून आणा. घाईने अर्धा आणू नका. दिवा थांबू द्या, उतरवा, मग उपटा. तो मोडलेल्या हाताने थांबला होता, तुमचे हात धड आहेत.