बापाच्या नावानं पाणी

माझं इंग्रजी चांगलं आहे हा समज नांदेडात मीच पसरवलेला. तीस वर्षं शाळेत शिकवलं, तेव्हा कुणी शंका घेतली नाही. आमच्या छोट्या चर्चमध्ये घानाहून आलेला एक विद्यार्थी येऊ लागला, तेव्हा दुभाषी म्हणून माझंच नाव पुढं आलं आणि मीही नको म्हटलं नाही.

तो इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि आमच्या वरच्या खोलीत राहत होता. मला मावशी म्हणायचा. हा शब्द तो भाजीवालीकडून शिकला होता. एका बुधवारी जिना उतरून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याचे वडील वारले होते. शनिवारी गावी माती होती, आणि ह्याचा पासपोर्ट व्हिसा वाढवायला दिलेला, म्हणजे जाणं होणार नव्हतं. मी चहा ठेवला. त्याने घेतला नाही.

"मी थोरला," तो म्हणाला. त्यांच्यात थोरल्या मुलाने पाण्यात मक्याचं पीठ कालवून ते जमिनीवर ओतायचं, घराण्यातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची आणि शेवटी बापाचं नाव जोडायचं. त्याशिवाय बाप त्या माणसांत जाऊन बसत नाही. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तिकडच्या जुन्या मिशनऱ्यांनी हे सगळं भुताखेतांचं म्हणून बंद केलं, आणि लोक मागच्या दाराने करत राहिले. "मला चोरून करायचं नाही, मावशी. वडिलांनी आयुष्यात काही चोरून केलं नाही. पाळकांना विचारा. ते हो म्हणाले तरच करीन."

खरं सांगते, मला राग आला. गच्चीवर गुपचूप ओतलं असतं तर कोण बघणार होतं? माझी आई लातूरकडची. बाप्तिस्मा घेतलेली, एक रविवार न चुकवणारी, आणि पितरपाटात भाकरीचा तुकडा पत्र्यावर टाकायची. विचारलं तर म्हणायची, "कावळ्याला उपाशी ठेवा असं कुठं लिवलंय?" आमचं सगळं असं पत्र्यावर चाललेलं, आणि हा पोरगा परवानगी मागत होता.

तरी त्याला घेऊन गेले. आमचे पाळकसाहेब भोकरकडचे. आवाज मोठा, मन मऊ, इंग्रजी जेमतेम. मी एका दमात सांगून टाकलं, "साहेब, ह्याचे वडील वारलेत. ह्याला बापाच्या नावानं पाणी सोडायचंय."

साहेब खुर्चीतून उठलेच. "बापाच्या नावानं पाणी सोडायचंय? अन् तुमी त्याला घेऊन माझ्याकडं आलात, बाई?"

मला काही बोलूच देईनात. "आईबापाचा मान राखा, ही देवाची आज्ञा हाय. जित्या बापाचा राखा अन् मेल्यावर सोडा, असं न्हाई त्यात. मेला म्हणून काय बाप बाप राहत न्हाई? मी बाप्तिस्मा घेतला तवा माझ्या बापानं माझ्या नावानं पाणी सोडलं. शेवटपर्यंत तोंड बघितलं न्हाई. मातीलाबी मला कुणी बोलावलं न्हाई. लई वाईट असतंय ते, बाई. ह्याला सांगा, बापाला धरून राहा म्हणावं. चारचौघांत त्याचं नाव घे म्हणावं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एखाद्याला कायमचं तोडून टाकणं, ह्यालाही आपण त्याच्या नावानं पाणी सोडणंच म्हणतो. साहेबांनी तेच ऐकलं होतं. जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईने ही अशी माती खाल्ली.

काय म्हणाले, काय म्हणाले, असं तो मला विचारत होता. मी जसंच्या तसं सांगितलं: बापाला धरून राहा, चारचौघांत त्याचं नाव घे. त्याचे डोळे भरून आले. साहेबांचे हात धरून तो थँक यू, थँक यू म्हणू लागला. मग मला साहेबांना खरा अर्थ सांगावाच लागला. ते खाली बसले आणि त्यांनी टेबलावरच्या शास्त्रावर, बायबलावर, हात ठेवला.

"मेलेल्यांशी बोलायला शास्त्रात बंदी हाय," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

विद्यार्थ्याने विचारून शास्त्र जवळ ओढलं आणि नव्या कराराचं पहिलं पान उघडलं. "इथं काय आहे? नुसती नावं. ह्याचा बाप तो, त्याचा बाप तो. मिशनरी हे पान उलटून पुढं जायचे. माझे आजोबा ते दोनदा वाचून घ्यायचे. म्हणायचे, ह्या पुस्तकाला रीतभात कळते. आधी पूर्वजांना रामराम घालतं, मग बोलायला लागतं." रामराम माझा, त्याचा शब्द वेगळा होता. "मी वडिलांकडे काही मागणार नाही. मी कुणाचा मुलगा, एवढंच देवासमोर सांगणार आहे." हे मात्र मी शब्द तोलून मराठीत आणलं.

साहेबांनी अट घातली. पाणी ओता, नावं घ्या, पण बोलायचं ते देवाशी. बापाशी एक शब्द न्हाई. मी सोता येतो.

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात जमलो. मक्याचं पीठ काही मिळालं नाही, म्हणून मी ज्वारीचं दिलं. त्याने चिमटीत घेऊन बघितलं. "वडील शेतकरी होते. त्यांना चालेल," म्हणाला. मग लोट्यातलं पाणी थोडं थोडं ओतत तो नावं घेऊ लागला. मला एकही कळलं नाही, पण प्रत्येक नावापाशी तो थांबायचा, दार उघडून कुणाला आत घ्यावं तसा. शेवटच्या नावाला रडला. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. साहेबांनी मोठ्याने आमेन म्हटलं. अट पाळली गेली होती.

मग त्याने लोटा साहेबांपुढं केला. हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्या माणसाचं नाव जोडायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. मी तसं सांगितलं. साहेब नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी चपला काढल्या, लोटा हातात घेतला आणि ओल्या जमिनीकडे बघत उभे राहिले. पाणी आपोआप सांडत होतं. आता प्रार्थना करतील म्हणून आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

"बापू," ते म्हणाले, "मी हाय हितं."