मुठीत न येणारे केस

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सलूनपुढे पोरांची रांग लागते. सणासाठी नटत असतील, असं मला इतकी वर्षं वाटायचं. काल सोनूची आई बाकावर बसून सलूनवाल्याला सांगत होती, “अजून बारीक कर. मुठीत यायला नकोत.”

मी दर रविवारी या पोरांना समाजमंदिरात त्यांचे हक्क शिकवते. पोलिसांनी पकडलं तर कारण विचारायचं, घरी कळवायला सांगायचं, वकील मागायचा. गेल्या वर्षी मिरवणुकीत सोनूला केसांना धरून पोलिसांच्या गाडीपर्यंत ओढत नेलं, तेव्हा त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर हा वर्ग सुरू केला. आता त्याला सगळं पाठ आहे.

“ताई, तुमचं चुकीचं नाही,” त्याची आई म्हणाली. “त्यानं विचारावंच. पण विचारून होईपर्यंत डोकं तरी सुटं राहायला हवं ना.”

हक्क जन्मापासूनच आपले असतात, असं मी फळ्यावर लिहिते. केसही जन्मापासूनच आपले असतात. ते फरशीवर पडत होते आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सोनू खुर्चीतून उठला. आईने त्याचं डोकं खाली वाकवलं आणि केस मुठीत धरून खेचून पाहिले. मूठ रिकामी निसटली, तेव्हा कुठे तिने मान डोलावली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता तुमचंही एकदा म्हणवून घ्या त्याच्याकडून.”