मागच्या पडवीतला पास्ता

पडदा वर जातो तेव्हा समोर एक पडवी दिसते. डावीकडे तुळस, उजवीकडे धुण्याचा दगड, मध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पुरणपोळीचा मोठा पोळपाट. मार्च महिना, सकाळचे नऊ. खामगावचं ऊन घसा खाकरून केव्हाच तयार झालंय. मागच्या दारातून वैजनाथ प्रवेश करतात. वय अडुसष्ट. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, आता निवृत्त. हातातली कागदी पिशवी त्यांनी छातीशी धरली आहे, कारण तिच्यात चार अंडी आहेत. कुणी ओळखणार नाही म्हणून ती त्यांनी पार दुसऱ्या टोकाच्या गल्लीतून आणली, आणि तिथल्या दुकानदारानं पहिलंच वाक्य टाकलं, "नमस्कार साहेब, आज इकडं कसं काय?"

या घरात अंडं कधी आलं नव्हतं. खरं तर आजही आलं नाही, कारण पडवी घरात धरत नाहीत. पातेलं वेगळं, शेगडी वेगळी आणि हा पोळपाट पुन्हा स्वयंपाकघरात यायचा नाही, एवढ्या अटींवर शरयूबाईंनी होकार दिला होता.

शरयूबाई दुसरबीडहून लग्न होऊन इथं आल्या, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आल्या त्या शेवयांचा पाट सोबत घेऊन. पाट तिरका लावायचा, उजव्या तळव्यानं कणीक रगडत खाली न्यायची, आणि खाली बसलेल्या बाईनं लोंबते धागे झेलायचे. त्यांचा धागा इतका बारीक उतरायचा, की झेलणारी बाई श्वास रोखून बसायची. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या रुखवतात त्यांच्या शेवया असत. त्यासाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही. जाड शेवई दिसली तर मात्र त्या बोलत. कुणाच्याही तोंडावर बोलत.

दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीभ वाचली, पाय वाचला, उजवा हात लुळा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, "सहा महिने हातात आहेत. रोज कणीक मळा. वापरला तर हात येईल, नाहीतर हा असाच." त्यातले चार महिने गेले होते. शरयूबाई तो हात पदराखाली ठेवून बसत. पोळ्यांना बाई लावली. पुढचं दार दिवसाही लावलेलं असे. वैजनाथांनी एकदा शेवयांचं नाव काढलं, तर त्या म्हणाल्या, "लोकांच्या जाड शेवयांना मी नावं ठेवली. आता माझ्या दाखवू?"

पुण्याहून मुलीनं, भार्गवीनं, फोनवर तोड काढली. "आई, तुला येतच नाही असं काहीतरी कर. अंड्याचा पास्ता कर, इटलीतला. बिघडला तरी अख्ख्या खामगावात कुणाला कळणार आहे?"

हे मात्र त्यांना पटलं.

वैजनाथांनी पोळपाटावर मैद्याचा ढीग केला, मध्ये आळं केलं आणि दोन अंडी फोडली. एका अंड्याचं टरफल आत गेलं.

"काढा ते," शरयूबाई नाक पदरानं झाकून म्हणाल्या.

"काढतोय."

"चष्मा कुठंय तुमचा?"

"नाकावर."

"मग डोळे कुठंयत?"

त्या डाव्या हातानं चमच्यानं अंडी फेटू लागल्या. भार्गवीनं सांगितलं होतं, कडेचा मैदा हळूहळू आत ओढायचा, बांध फुटू द्यायचा नाही. बांध फुटला. पिवळा ओघळ पोळपाटाच्या कडेकडे निघाला, आणि पदराखालून उजवा हात बाहेर आला. सावकाश आला, पण ओघळाच्या आधी पोचला. वैजनाथ तुळशीकडे पाहत राहिले. आता आपण काही बोललो तर तो हात पुन्हा आत जाईल, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीपेक्षा चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

गोळा घट्ट होता, एका हाताला दाद देईना. शरयूबाईंनी दुसराही लावला. दहा मिनिटं मळायचा होता, पंचवीस लागली. मग अर्धा तास ओल्या फडक्याखाली. मग लाटणं. पोळपाट सरकत होता, पोळी एकीकडे कागद आणि दुसरीकडे पुरी झाली होती. गुंडाळी करून सुरीनं कापली, तर एक पट्टी बोटाएवढी, एक नाडीएवढी.

भार्गवीनं लगेच उकळायला सांगितलं होतं. पण चव्वेचाळीस वर्षांची सवय कुणाचं ऐकते? शरयूबाईंनी काही विचार न करता दोन खुर्च्यांवर वेळूची काठी ठेवली, पट्ट्या तिच्यावर टाकल्या आणि खुर्च्या अंगणात उन्हात सरकवायला लावल्या. वैजनाथांनी सरकवल्या.

खामगावात काठीवर शेवया दिसल्या, की शेजारणीनं आत यायचं असतं. त्याला आमंत्रण लागत नाही. पाव तासात मागच्या घरच्या विमलबाई भिंतीवरून डोकावल्या आणि फाटक लोटून आल्या. त्यांच्या पोरींच्या लग्नातल्या शेवया शरयूबाईंनीच केलेल्या. तोवर पट्ट्या उन्हानं वाकड्या होऊन तडकू लागल्या होत्या.

विमलबाईंनी एक उचलली. ती मोडली.

"भाऊजी, ह्या शेवया हायेत का बैलाच्या वाद्या?"

वैजनाथांनी पाहिलं, पडवीत उजवा हात पुन्हा पदराखाली सरकू लागला होता. ते पुढे झाले. "मी केल्या, वहिनी. रिकामा होतो, म्हटलं हात चालवून पाहू."

"तुमी? काऊन? आन् शरयूवहिनीनं असं करू देल्लं? तिनं तर माह्या सासूच्या शेवया फेकाले लावल्या होत्या."

"तिला दाखवल्या नाहीत अजून."

विमलबाई हसल्या. "नोका दाखवू. वहिनी घरातून काढून देईन तुमाले."

"त्यांनी नाही केल्या," शरयूबाई पडवीच्या सावलीतून म्हणाल्या. "मी केल्या. शेवया नाहीत त्या. अंडं आहे त्यात."

विमलबाई मोडलेल्या पट्टीकडे पाहत राहिल्या, मग पडवीत बसलेल्या शरयूबाईंच्या उजव्या हाताकडे. तो मांडीवर उघडा होता, नखांत पिवळा मैदा वाळलेला. विमलबाईंनी तोंडाला पदर लावला नाही, गळाही काढला नाही. चपला काढून त्या पडवीत आल्या आणि पोळपाटासमोर बसल्या.

"अंडं मले चालते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी रोज असते. पर ह्या उनानं वायल्या. अजून करतं काय? सरक, मी लाटतो."

पिशवीत दोन अंडी उरली होती. वैजनाथांनी मैद्याचा डबा पुढे केला. शरयूबाईंनी लाटणं स्वतःकडे ओढलं.

"लाटते मीच. तू पोळपाट धर, विमल. उजवा हात अजून दमतो माझा."