ऑडिटवाल्यांच्या आडून

नगरपालिकेच्या हिशेबनिसाला सगळे ऑडिटकाका म्हणत. या भित्र्या माणसाने उभ्या नोकरीत कुणाला स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं नव्हतं. खोटं बिल पुढे आलं की तो हात जोडायचा. "माझं काय जातंय साहेब? पण ऑडिटवाले माझी सालटी काढतील." समोरचा मग ऑडिटवाल्यांच्या नावाने बोटं मोडत निघून जायचा.

यंदा नियमच बदलला. छोट्या नगरपालिकांना बाहेरचं ऑडिट माफ. हिशेबनिसाने 'सगळं बरोबर आहे' असं लिहून सही ठोकली की झालं! काय खूश होते सगळे. "सुटलात काका!" म्हणत जो तो त्याची पाठ थोपटून गेला.

आठवडाभरातच अध्यक्षांनी आपल्या मेव्हण्याचं बिल त्याच्यापुढे टाकलं. गटारांवर नवी झाकणं बसवल्याचं. बसलं होतं कुठे एक तरी? त्याच्याच दारासमोरच्या उघड्या गटारात कुणी पडू नये म्हणून त्याने सकाळी मोडकी खुर्ची उभी केली होती.

सवयीने त्याचे हात जुळले. "माझं काय जातंय साहेब, पण..."

"पण काय?" अध्यक्ष हसले. "आता कोण येतंय तपासायला?"

यापुढचं वाक्य त्याला आजवर कधी लागलंच नव्हतं. त्याने सही केली.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती आणि शेजारच्या म्हातारीचा पाय गटारात जाऊन मोडला होता.

"झाकणं कधी बसवणार हो तुमची माणसं?" तिने विचारलं.

"बसवली," चपला काढत तो म्हणाला.