बिरड्याची काकी

आमच्या धाकट्या काकीच्या हाताला चटका म्हणून बसत नसे. मोड आलेले वाल सोलायला घरची सगळी गोल करून बसली, की ती पातेल्यात चुलीवरचं कढत पाणी ओती आणि सरळ त्यात हात घाली. आम्ही पोरं बोट बुडवून झटकन मागे घ्यायचो. ती हसत मूठमूठ वाल उपसून आमच्यापुढे टाकायची. रिहे गावातल्या आमच्या घरात वालाचं बिरडं करावं तर तिनंच, म्हणून ती बिरड्याची काकी.

वाल भिजवायचे, फडक्यात बांधायचे, चुलीमागे उबेला ठेवायचे, यात ती कुणाला हात लावू देत नसे. मावळातल्या थंडीत मोड अडून बसले, तर पुरचुंडी पांघरुणात घेऊन झोपायची. काका चिडवायचे, तरी हिचं आपलं एकच, "वालाला दमानं घ्यावं लागतं, न्हाईतर त्यो कडूच ऱ्हातो."

एका हिवाळ्यात सोलता सोलता तिच्या बोटांवरचे फोड फुटले. पाणी लालसर झालं, तरी ती सोलतच होती. आईचा हात थांबला. आईच्या मामाला महारोग झालेला, त्याला गावाबाहेर ठेवलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. तिनं काकीला डोळे मिटायला सांगितलं आणि पदराची पिन काढून तिच्या बोटात टोचली.

काकी डोळे मिटून बसून राहिली. मग म्हणाली, "टोचा की, जाऊबाई. कवाची वाट बघतीय मी."

पिन बोटातच होती.

काकांनी खाचराच्या कडेला तिला झोपडी घालून दिली. पौडहून गोळ्या आणल्या, दोन वेळचं ताट नेऊन ठेवलं. तिला वाकडं कुणी बोललं नाही, पण तिच्याजवळही कुणी बसलं नाही. पावसाळ्यात तिनं तिथं वाल भिजवायला सुरुवात केली. मोडांची पुरचुंडी बांधावर ठेवायची आणि लांबून हाक मारायची. आई ती घेऊन यायची आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर रिकामी करायची. दुसऱ्या दिवशी काकी विचारायची, बिरडं कसं झालं. आई सांगायची, "लई ग्वाड झालं, पोरांनी पातेलं पुसून खाल्लं." काकीचा चेहरा असा फुलायचा, की मला तिथं उभं राहवत नसे.

पुढे कळलं, तिच्या हातच्या वालातून हा रोग होत नाही. तेव्हा आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, काकीलाही नव्हतं.

भात झोडून झाल्यावर एकदा ती गोवऱ्या मागायला गोठ्यामागे आली. उकिरड्यावर वालाचे वेल माजले होते, शेंगांनी लगडले होते. ती बराच वेळ बघत राहिली. आई दारात येऊन खिळल्यासारखी उभी होती.

काकी रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाई, ह्या शेंगा तरी पोरास्नी खायला घाला. ह्यांना माझा हात लागलेला न्हाई."

त्यानंतर बांधावर पुरचुंडी आली नाही. उन्हाळ्यात काका तिला लांबच्या दवाखान्यात पोचवून आले. तिथंच ती गेली. त्या शेंगा आईनं तोडल्या नाहीत आणि कुणाला तोडूही दिल्या नाहीत. वेलावरच त्या वाळून तडकल्या.