तेविसावं वाक्य

मुर्धा गावच्या सरूबाईला कार्यशाळेत मीच नेलं. ती आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर मासळी विकते. नवरा गेल्यावर दोन पोरं तिने याच पाटीवर वाढवली. 'पाटी हलवा' म्हणणारे तीन वॉचमन बदलले, पाटी तिथेच आहे. बोंबलाच्या वाट्याबरोबर गिऱ्हाइकाचा उद्धार फुकट.

कार्यशाळा म्हणजे पराग सरांचा मीरा रोडचा हॉल, सात माणसं, पाच खुर्च्या आणि इडल्या. 'आहे'सारखी जोडणारी क्रियापदं आणि बाकीची क्रियापदं इथल्या बोलीत कशी वागतात, हा विषय. सर वाक्य सांगणार, सरूबाई ते आपल्या बोलीत म्हणणार, आम्ही तक्त्यात भरणार.

बावीस वाक्यं झकास गेली. 'आंबा गोड आहे' म्हटल्यावर तिने, "कंचा? दाखवा तरी," असं सरांनाच विचारलं. मग तेविसावं आलं : 'माझ्या मुलाची होडी बुडाली.'

सरूबाईने इडलीची बशी खाली ठेवली.

"म्हणा ना मावशी," सर म्हणाले.

"न्हाय बोलनार."

"अहो, नुसतं उदाहरण आहे."

"तुमचं उदाहरण. माझा रोशन परवापासून दर्यावर हाय."

सरांना 'बुडणे' हवंच होतं, नाहीतर तक्ता अपुरा. त्यांनी 'मुलाची' खोडून 'शेजारणीची' केलं.

"शेजारीन माझी वैरीन हाय. पन तिचा पोर त्याच होडीत हाय."

सगळे हसले. ती नाही.

समिधा, सरांची विद्यार्थिनी, समजुतीने म्हणाली, "मावशी, बोलल्याने काही होत नसतं."

"मंग न बोलल्यानं तुमचं काय अडतंय?"

आमच्यापैकी दोघांनी पीएचडी केलेली. दोघांनीही इडलीत लक्ष घातलं.

शेवटी सर म्हणाले, "बरं, माझी गाडी बुडाली म्हणा."

सरांची गाडी चार दिवसांची होती, हारही उतरला नव्हता. सरूबाईने पदर सावरला, ताठ बसली. "बोलू?"

सरांनी खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहिलं.

"नको. राहू दे."

"आता कसं!" ती म्हणाली. "फुडलं ईचारा. आनि नीट काय ते ईचारा."

तेविसाव्यापुढचा रकाना कोराच राहिला. सरांनी तक्त्यात नसलेलं एक वाक्य सांगितलं : 'होडी बंदराला लागली.'

ते तिने तीनदा म्हटलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. समिधाने तिन्ही वेळा लिहून घेतलं.